निरंक

जरीपटक्याच्या बाजारात तुरीच्या शेंगांचा ढीग दिसला, की त्या ओल्या, हिरव्या वासासरशी मी खापरखेड्याच्या कामगार वसाहतीतल्या एका ओट्यावर जाऊन बसते. तेव्हा मी बालविकास शिकत होते आणि घरोघरी आयांना प्रश्न विचारून फॉर्म भरत होते.

उन्हात बसून एक आई शेंगा सोलत होती. तिच्या मांडीला टेकून आठ-नऊ महिन्यांची मुलगी.

"बाळाशी रोज किती वेळ बोलता?" मी फॉर्ममधला प्रश्न वाचला.

"बोलाले टाइम कुठं भेटते, ताई?" ती ओशाळून म्हणाली. मी रकान्यात लिहिलं, 'निरंक'.

ती मुलीकडे वळली. "काहून वं, शेंग पाह्यजे का तुले?" विचारून थांबली. मुलगी "ब्बा" म्हणाली. "असं का? बाबासाठी ठिवू का मंग?" पुन्हा थांबली. मी आल्यापासून हेच चाललं होतं आणि मी पुढचा प्रश्न शोधत होते.

आज मनीषनगरातल्या तरुण आयांना मी नेमकं हेच शिकवते. बाळाला विचारा, थांबा, त्याला उत्तर देऊ द्या.

त्या फॉर्मला मला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते.