मंगळवारचं डिझेल

“काका, मशीन मंग पाहा. पहिले हे हुंगा.”

राजूभाऊंनी पाण्याची बाटली माझ्या नाकाशी धरली. आत डिझेल होतं. मी हुंगलं.

“रॉकेलचा वास येते ना?”

“नाही.”

“नीट हुंगा ना, काका!”

“राजूभाऊ, तीस वर्सं झाली, मी डिझेलच हुंगून राहिलो. याच्यात काही नाही.”

त्यांना हे उत्तर आवडलं नाही. मला बोलावलं होतं मशीन तपासायला, पण त्यांचा निकाल आधीच लागलेला होता. फक्त सही करायला कोणीतरी जाणकार हवा होता. अशी माणसं भेटली की माझं डोकं तापतं.

सिहोऱ्याच्या पुढच्या एका गावात तलावातला गाळ काढायचं काम चालू होतं. ठेकेदार राजूभाऊ, पोकलेन त्यांचीच. पोकलेन काठाशी उभी होती आणि गाळ न्यायला आलेले ट्रॅक्टर मागे रांगेत होते. इंजिन सहा सिलिंडरचं, पण चालत होतं तिनावर. थडथड करत होतं आणि बकेट भरून वर उचलायला घेतली की बंद पडायला येत होतं.

मशीनच्या सावलीत ऑपरेटर बसला होता. तुळशीराम, दिघोरीचा. पन्नाशीचा, बारीक अंगाचा माणूस. मला पाहून उठला, नमस्कार केला आणि पुन्हा खाली बसला.

राजूभाऊंनी मला बाजूला नेलं. “दर मंगळवारी हा तुमसरहून पिकअपमध्ये डिझेलचा ड्रम आणते. टाकी भरते. अन् मंगळवारीच मशीन बिघडते. दोन दिवस रडते, मंग हळूहळू सुधरते. आजचा धरून चार मंगळवार झाले. सांगा, काय समजाव मानसानं?”

“मेकॅनिकनं काय पाहिलं?”

“टाकी साफ केली, फिल्टर बदलले, दोन इंजेक्टर नवे टाकले. चांगली चालली. मंगळवार आला, पुन्हा तेच! रस्त्यात अस्सल डिझेल विकते अन् रॉकेल मिसळते हा. आज संध्याकाळी चावी घेतो याच्याकडून. अन् बाकीच्या ठेकेदारांनाही सांगून देतो.”

बोलता बोलता त्यांचा आवाज चढला होता; तुळशीरामने सगळं ऐकलं, ट्रॅक्टरवाल्यांनीही. आमच्या भागात पोकलेनवाले ठेकेदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. एकाने चोर म्हटलं की बाकीचे मशीनला हात लावू देत नाहीत. वीस वर्षं लिव्हर धरलेल्या माणसाने मग करायचं काय?

मी त्याच्याजवळ गेलो. “तुले काय वाटते?”

“मले काय वाटनार जी? मी सांगतलं तं चोराच्या उलट्या बोंबा म्हनतीन. तुमचं मीटर काय सांगते ते पाहा.”

मी नागपूरला एका कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर होतो. आता निवृत्त होऊन तुमसरला असतो. जवळ एक लॅपटॉप आणि एक मल्टीमीटर, म्हणून लोक मला मीटरवाले काका म्हणतात. इंजेक्टरच्या विजेचे बिघाड हा माझा आवडीचा विषय. घरी सांगायला लागलो की बायको उठून स्वयंपाकघरात जाते. तुम्हाला थोडक्यात सांगतो.

इंजेक्टर म्हणजे सिलिंडरच्या डोक्यावर बसलेली डिझेलची पिचकारी. पूर्वी ती नुसत्या डिझेलच्या दाबाने उघडायची. आता तिच्यात एक छोटी कॉइल असते. ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, त्या कॉइलला क्षणभर विजेचा दणका देतो, पिचकारी उघडते, डिझेल फवारलं जातं. या इंजिनात एक, दोन, तीन नंबरच्या इंजेक्टरचा एक गट आणि चार, पाच, सहाचा दुसरा. एका गटाला बँक म्हणतात. बँकेतल्या कुठल्याही वायरमधून वीज इंजिनच्या बॉडीत गळायला लागली, तर ईसीएम स्वतःला वाचवायला ती अख्खी बँक बंद करतो.

लॅपटॉप लावला. फॉल्ट कोड आला: बँक एक, शॉर्ट. एक, दोन, तीन नंबर गप्प. चार, पाच, सहा ठणठणीत.

मला तिथेच हसू आलं. “राजूभाऊ, डिझेल सहाही सिलिंडरले एकाच पाइपातून जाते ना?”

“हो.”

“मंग रॉकेल काय नंबर पाहून जाते? एक-दोन-तीनले रॉकेल, चार-पाच-सहाले अस्सल?”

ट्रॅक्टरवाले हसले. राजूभाऊ नाही हसले. “ते तुमच्या कॉम्प्युटरले काय समजते? मले कारन दाखवा.”

बरोबर होतं त्यांचं. डिझेल नाही एवढं कळलं होतं. मग आहे काय, हे सांगायचं बाकी होतं, आणि ऊन कलायला लागलं होतं.

माझे वडील पवनीला मागावर बसायचे. ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यांत, एखादा तुटला की डोळ्यांनी शोधत बसायचे नाहीत. एका टोकापासून बोटं फिरवत यायचे. मीही तसाच एका टोकापासून निघालो. इंजिन बंद केलं, ईसीएमचा प्लग काढला, मीटरची एक वायर बँक एकच्या पिनला आणि दुसरी बॉडीला. इथे मीटरने काहीच दाखवायला नको. त्याने दाखवलं. वीज गळायला वाट होती.

मग वरचं कव्हर उघडून इंजेक्टर एकेक सुटे मोजले. कॉइलचा रेझिस्टन्स एक ओहमच्याही आत असतो. मीटरच्या वायरींचा स्वतःचा आकडा त्यातून वजा करावा लागतो, नाहीतर चांगला इंजेक्टरही आजारी दिसतो. सगळे ठीक निघाले. काढून टाकलेले जुने दोन राजूभाऊंच्या जीपमध्ये होते. तेही मोजले, तेही ठीक. रोग हाल्याला अन् औषध पखालीला, असा तो मेकॅनिकचा उपचार होता. ईसीएमपासून येणारी वायर मोजली, तीही साफ. दोन्ही टोकं निरोगी, म्हणजे दुखणं मधे. मधे एकच वस्तू होती: इंजिनच्या माथ्यावरचा कनेक्टर, जिथून वायरी कव्हरच्या आत जातात.

त्यावर टॉर्च मारला आणि थांबलो. मुंग्या होत्या.

इंजिनवर मी पाली पाहिल्यात, उंदरांची घरटी पाहिलीत. मुंग्यांची रांग पहिल्यांदाच पाहिली. गरम इंजिनवर, डिझेलच्या वासात, इतक्या हौसेने त्या कशाला येतील? कनेक्टर उघडला. रबरी सील चिरलेलं होतं. बँक एकच्या पिना हिरव्या पडल्या होत्या आणि सगळं चिकट, ओलसर होतं. मी बोट लावलं, मग जिभेला लावलं. वयाला शोभत नाही, पण लावलं.

“तुळशीराम, इथं गोड काय सांडते?”

त्याने राजूभाऊंकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

“अरे बोल ना!”

“मी कसा बोलू जी? देवाचं पानी आहे ते.”

राजूभाऊच बोलले, जरा रागानेच. “दर मंगळवारी मशीनची पूजा करतो मी. नारळ फोडून पानी इंजिनच्या माथ्यावर टाकतो. आमच्या बाबाजीनं पहिल्या ट्रॅक्टरपासून असंच केलं. त्याले काही नाही झालं कधी.”

“त्या इंजिनले वायरच नव्हती, राजूभाऊ! याच्या माथ्यावरून इंजेक्टरची वीज जाते. नारळाच्या पान्यात मीठ बी असते, साखर बी असते. सील चिरलं तवापासून ते आत जाते अन् त्याच्यातून वीज गळते. दोन दिवसांनी सुकते, मशीन सुधरते. पुन्हा मंगळवार येते.”

“अन् मेकॅनिकनं इंजेक्टर बदलल्यावर चालली, ते?”

“कनेक्टर उघडला, हवा मारली, बसवला. सुकला, म्हनून चालली.”

त्यांच्या चेहऱ्यावर अजून ‘पण’ होता. मीही हट्टाला पेटलो. कनेक्टर क्लीनरने धुतला, ब्रशने पिना घासल्या, हवेने सुकवला, जोडला. टाकीतलं डिझेल तेच. तुळशीरामला म्हटलं, “चढ.”

इंजिन सुरू झालं. सहावर! तो गोल, भरलेला आवाज आला आणि ट्रॅक्टरवाल्यांनी हात वर केले. तुळशीरामने बकेट चिखलात घातली आणि ओल्या गाळाने शिगोशीग भरून उचलली. इंजिन जराही अडखळलं नाही.

“आता नारळ आना,” मी म्हटलं.

“कायले?”

“आना तं.”

जीपमध्ये एक शिल्लक होता. मशीन उभी केली, सगळ्यांना लांब केलं, इंजिन बंद करवलं आणि राजूभाऊंच्याच हाताने त्या कनेक्टरवर चूळभर पाणी टाकवलं. पुन्हा स्टार्ट. मिनिटभर काही झालं नाही. आणि मग थडथड, थडथड. इंजिन तिनावर आलं. लॅपटॉपवर तोच कोड.

राजूभाऊंनी हातातली करवंटी खाली ठेवली. मग केबिनजवळ गेले. इंजिन बंद झालं होतं, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं.

“तुळशीरामभाऊ, खाली या. चुकलो मी. चार जनांसमोर चोर म्हटलं, चार जनांसमोरच माफी मांगतो.”

त्या माणसाला ते ‘भाऊ’ म्हणाल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. तुळशीराम उतरला नाही. उतरता येत नव्हतं, दुपट्ट्यात तोंड खुपसून रडत होता. मीही उगाच वायरी गुंडाळत बसलो. फार बरं वाटत होतं, लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी नव्या पिना आणि नवं सील बसवलं. पुढच्या मंगळवारी मुद्दाम जाऊन आलो. डिझेलचा ड्रम तुळशीरामनेच आणला. पूजा झाली, पण बोनेट बंदच राहिलं. राजूभाऊंनी नारळ तुळशीरामच्या हातात दिला आणि त्याने तो बकेटच्या लोखंडी दातावर फोडला. पाणी गाळात गेलं.

तेव्हापासून कुठेही गेलो की मी एक नियम पाळतो. मशीन बिघडली की आधी वायर तपासायची, मग कनेक्टर, मग इंजेक्टर. माणूस तपासायचाच झाला, तर शेवटी, आणि सुरुवात मालकापासून करायची.