मामांचं ‘हाय’

बेशुद्ध जनावराजवळ मामा उकिडवे बसायचे, डाव्या हाताचा पंजा त्याच्या बरगड्यांवर पसरायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. बरगड्या वर आल्या की म्हणायचे, “हाय.” खाली जाऊन पुन्हा वर आल्या की पुन्हा, “हाय.” दर श्वासाला एक. कुणी तंबाखू मागो, कुणी चहा आल्याची हाक मारो, मामांचं चालूच. आपल्या पुस्तकी भाषेत ‘आहे’. श्वास आहे, एवढाच त्याचा अर्थ.

यवतच्या गुरांच्या दवाखान्यात मी नवीन डॉक्टर म्हणून रुजू झाले, तेव्हा मामांना तिथे वीस वर्षं होत आली होती. कागदावर ते परिचर. घर जवळच कासुर्डीला. वडिलांनी मेंढरं विकून शेती धरली आणि मामांनी नोकरी, पण हात मेंढपाळाचेच राहिले. डोक्याला पांढरा पटका, खिशात सुतळीचं बंडल. अख्खा गाव त्यांना मामा म्हणायचा, म्हणून मीही म्हणू लागले.

मी मुळात भित्री. डॉक्टरने हे कबूल करू नये, पण तुमच्यापासून काय लपवायचं? जनावराला भूल द्यायची म्हटलं की मी औषधाचा हिशेब तीनतीनदा करायची. झोपवणं सोपं असतं. ते उठेल की नाही, ही धाकधूक जीव खाते. पहिल्याच महिन्यात अडलेल्या एका शेळीचं पोट मी उघडलं. करडू जिवंत निघालं. मी खूश होऊन टाके घालत बसले आणि शेळी कधी गेली ते मला कळलंच नाही. मालकीण पुढे आली. करडू काखेत घेतलं, शेळीच्या गळ्यातलं दावं सोडून गुंडाळलं आणि गेली. मी त्या दिवशी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी मामा म्हणाले, “म्याडम, तुमी तुमचं कापायचं-शिवायचं बघा. दमाचं मी बघतो.”

तेव्हापासून हे ‘हाय’ सुरू झालं. मान खाली घालून मी काम करायची आणि कानावर ते पडत राहायचं. जरा लांबलं तर माझा हात आपोआप थांबायचा. सुरुवातीला मला त्याची लाजच वाटायची. एकदा तालुक्याचे साहेब यायचे होते, तेव्हा मी म्हटलं, “मामा, आज मनात मोजा की.”

“मनात मोजलं तर तुमास्नी कसं कळंल?” मामा म्हणाले.

पुढे शिरूरच्या बाजूला उसात बिबटे दिसायला लागले. कुठे विहिरीत पडलेला, कुठे जखमी. वनखात्याची माणसं गुरांच्या डॉक्टरांनाच बोलवायची, आणि आम्हाला गाई-म्हशींपलीकडे ठाऊक नव्हतं. आफ्रिकेत जंगली प्राण्यांचं एक आश्रयस्थान आहे, तिथे तीन आठवडे प्रत्यक्ष हाताने काम करून शिकवतात, असं कळलं. मी भीतभीत अर्ज केला आणि निवड झाली.

“तितं काय शिकिवत्यात?” मामांनी विचारलं.

“वाघ-सिंहांना भूल कशी द्यायची ते.”

“आन् उठवायचं?”

“तेही शिकवतात.”

“मंग जावा.”

तिथे पहिल्याच दिवशी एका सिंहिणीच्या पंजातली जखम साफ करायची होती. श्वासावर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे आलं. तिच्या बरगड्यांवर हात ठेवला आणि काय सांगू, एवढं मोठं धूड माझ्या पंजाखाली वर येताना पाहून माझ्या तोंडून निघून गेलं, “हाय.” शिकवणाऱ्या बाई उंच, पिकल्या केसांच्या. त्यांनी हसून उत्तर दिलं, “हाय!” पुढच्या श्वासाला मी पुन्हा म्हटलं. त्यांनीही पुन्हा म्हटलं, पण जरा संशयाने. तिसऱ्या वेळी त्या माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या. मी मामांची पद्धत सांगितली तेव्हा सगळे पोट धरून हसले. हसू ओसरल्यावर बाई गंभीरपणे म्हणाल्या, भूल दिलेल्या जंगली जनावराला ऐकू येत असतं. आवाजाने ते दचकतं, अर्धवट उठतं. त्याच्याजवळ कुणी बोलायचं नाही. सांगायचं ते हाताच्या खुणेने. श्वास थांबला, तर हात वर.

मी ते वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

परत येताना माझ्याकडे बाण फुंकायची लांब नळी होती, जिभेला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू दाखवणारं छोटं मशीन होतं आणि बरीचशी ऐट होती. मामांनी नळी डोळ्याला लावून आरपार बघितली.

“ही तर फुकणीच की! आमची म्हातारी जलमभर चुलीम्होरं फुकती, तिला कुनी आफ्रिकेला न्हेलं न्हाई.”

मी हसले. मग शिकवणीच्या सुरात म्हणाले, “मामा, आता हाय म्हणायचं नाही. जनावराला ऐकू येतं. श्वास थांबला तर हात वर करायचा.”

मामांनी नळी परत माझ्या हातात दिली. “बरं. तुमी शिकून आलाय.”

महिन्याभरात मांडवगण फराट्याहून निरोप आला. उसाच्या कडेला रानडुकरासाठी कुणीतरी तारेचा फास लावला होता आणि त्यात बिबट्याची मादी अडकली होती. नदी ओलांडून आम्ही पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. बांधावर गाव लोटलेलं. तार तिच्या कमरेत रुतली होती आणि ती जितकी ओढत होती तितकी तार आत जात होती. तिची आचळं दुधाने भरलेली दिसली. म्हणजे उसात कुठेतरी पिल्लं होती.

नळी फुंकली. बाण मांडीत बसला. दहा मिनिटांनी ती आडवी झाली. मामांनी पटका सोडून तिच्या डोळ्यांवर टाकला, मी जिभेला चिमटा लावला. वनखात्याच्या माणसांनी बांधावरच्यांना गप्प केलं. मामा नेहमीसारखे बसले, बरगड्यांवर हात ठेवून. फक्त तोंड बंद.

पक्कड घेऊन मी तार शोधायला लागले. कातडी, रक्त, माश्या. मशीनचा आकडा उत्तम होता. एका बाजूची तार तुटली. दुसऱ्या बाजूसाठी आम्ही तिला जरा वळवलं आणि मी पुन्हा मान खाली घातली. मशीनवर शहाण्णव. इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती, आणि मूर्खासारखी मी तिच्यावर खूश होते.

“म्याडम, न्हाई.”

मी वर बघितलं. मामांचा उजवा हात वर होता, शाळेत मुलं करतात तसा सरळ. कधीपासून होता कुणास ठाऊक. मी सांगितल्याप्रमाणे त्यांनी हात वर केला होता, आणि मी जखमेत डोकं घालून बसले होते. मशीनचा आकडा अजून चांगलाच होता. छातीतला वारा थांबला तरी रक्तातला प्राणवायू लगेच उतरत नाही, हे मला आफ्रिकेत शिकवलं होतं. मी विसरले होते.

वळवताना तिची मान मुडपली होती. मी मान सरळ केली, जीभ ओढली आणि बरगड्यांवर दोन्ही हातांनी दाबायला लागले. सोड, दाब. सोड, दाब. आता आकडा भराभर उतरायला लागला. मला दाव्याची गुंडाळी करणारी ती बाई दिसायला लागली. उसातली पिल्लं दिसायला लागली.

“थांबा,” मामा म्हणाले. त्यांनी हात ठेवला, डोळे मिटले.

काहीच नाही.

मग, “हाय.”

बऱ्याच वेळाने, “हाय.”

मला रडू फुटलं. बांधावर एवढं गाव, वनखात्याची माणसं, पण लपवायचं सुचलं नाही. “मामा, म्हणत राहा,” मी म्हटलं.

“मोठ्यानं?”

“मोठ्यानं.”

उरलेली तार मी त्या आवाजावर तोडली. बांधावरून एका म्हाताऱ्याला राहवलं नाही. “मामा, हाय का?” “हाय, हाय!” ती ना दचकली ना उठली. जखम शिवून आम्ही तिला वनखात्याच्या पिंजऱ्यात ठेवलं आणि उठवायचं इंजेक्शन दिलं. उन्हं कलली तेव्हा पिंजऱ्याचं दार वर गेलं आणि ती थोडी लंगडत उसात शिरली.

जीपमध्ये मी म्हणाले, “चुकलं माझं, मामा.”

“तुमचं ऐकलं त्ये माजं चुकलं,” मामा पटका झटकत म्हणाले. “खाली बघणाऱ्याला वर केल्याला हात कसा दिसंल?”

नंतर मामा निवृत्त झाले आणि माझी बदली दुसऱ्या जिल्ह्यात झाली. माणूस जन्मभर दुसऱ्यांचा दम मोजत बसला आणि म्हातारपणी त्यालाच दम्याने धरलं. मी दर रविवारी फोन करायची. “मामा, कसं काय?” म्हटलं की पलीकडून, “हाय.” मग पिकं, पाऊस, नातू. वर्षभरात माझा प्रश्न आणि त्यांचं ‘हाय’ यांच्यामधलं अंतर वाढत गेलं. फोन कानाला लावून मी ते मोजत राहायची आणि शब्द आला की माझाही श्वास सुटायचा. भेटायला जायचं दर वेळी ठरायचं. दर वेळी काहीतरी निघायचं. दोन रविवार फोनही राहिला.

तिसऱ्या रविवारी सुनेने उचलला. “मामा न्हाईत,” ती म्हणाली.

“मळ्यात गेलेत का? आले की सांगा, मी फोन केला होता.”

तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता, आणि त्यावरून मला उमगलं.

मंगळवारी गेले होते. मधल्या त्या दोन रविवारी मामांनी हात वर केला असेल, तर मला तो दिसला नाही.