भिंतीपलीकडची व्हॅन

ओब्दुलियाच्या मोबाईलला इतकी कुलपं होती की नवरा म्हणायचा, "तुझ्या फोनपेक्षा बँक फोडणं सोपं." अमेरिकेत, आर्कान्सातल्या त्या कोंबडीच्या कारखान्यात सुऱ्या चालवणाऱ्या बायकांचा ग्रुप तिनेच काढलेला. मेसेज तासाभरात आपोआप पुसले जायचे. नव्या बाईला आत घ्यायच्या आधी ओब्दुलिया तिच्या घरी जाऊन तिला समोरासमोर पाहून यायची.

ग्रुपवर विषय एकच: लघवीची सुट्टी. कोंबड्या वाहून आणणारा पट्टा इतका जोरात पळायचा की सुपरवायझर कर्ट कुणाला हलू द्यायचा नाही. काही जणी डायपर बांधून उभ्या राहायच्या. गुरुवारी मुख्य कचेरीतले साहेब पाहणीला येणार होते. ते पट्ट्याशी आले की सगळ्यांनी एकदम सुऱ्या खाली ठेवायच्या, असं ठरलं.

सोमवारी कर्ट ग्रुपमधल्या रोसाउराच्या कानाशी वाकला. "सुरी ठेवायला तुझा हात शिवशिवतोय म्हणे?" तिने ग्रुपवर लिहिलेलं वाक्य, जसंच्या तसं. मंगळवारी तिला कामावरून काढलं.

त्याच दिवशी कपडे बदलायच्या खोलीत सगळ्यांच्या नजरा यादिराकडे वळल्या. ती नवी, आणि तिच्या बहिणीचा नवरा ऑफिसात.

"पोरी, खरं सांग," ओब्दुलिया म्हणाली, "मेहुण्याला काय काय सांगितलंस?"

"ओब्दुलियाबाई, तो माझ्याशी बोलतच नाही. लग्नात मी त्याच्या आईच्या अंगावर रस्सा सांडला होता."

एरवी सगळ्या खिदळल्या असत्या. आज कुणी हसलं नाही.

"रात्रपाळीच्या बायकांना विचारते आणि उद्या संध्याकाळी तुला ग्रुपमधून काढते," ओब्दुलिया म्हणाली. यादिराने मान खाली घालून बुटांच्या नाड्या बांधल्या. ग्रुपबाहेर गेलेल्या बाईशी पट्ट्यावर कुणी बोलत नसे.

बुधवारी ओब्दुलियाचा अंगठा कापला. नर्सने पट्टी बांधली आणि जरा बाहेर बसायला सांगितलं. ती व्हॅनकडे निघाली. कामगार पुरवणाऱ्या कंत्राटदाराची ती व्हॅन रोज सकाळी बायकांना आणायची आणि सावलीसाठी मोबाईलच्या कपाटांच्या भिंतीला अगदी चिकटून उभी राहायची. कामावर मोबाईल न्यायला बंदी, म्हणून सगळ्यांचे त्या कपाटांत. वाटेत आपला मोबाईल व्हॅनला जोडून गाणी लावायचा मान ओब्दुलियाचा. "आज तरी त्या रडक्या गाण्यांना सुट्टी द्या," असं रोज कुणीतरी चिडवायचंच. पहिल्या दिवशी व्हॅनच्या स्टिअरिंगशेजारच्या पडद्याने काहीतरी परवानगी मागितली होती. गाणी अडकू नयेत म्हणून तिने न वाचताच 'हो' दाबलं होतं.

तिने काचेतून आत पाहिलं. पडद्यावर रात्रपाळीच्या बायकांचे मेसेज मोठ्या अक्षरांत, नावांसकट, एकामागून एक उमटत होते. ड्रायव्हर एल्मेर एका हाताने खात होता आणि दुसऱ्या हाताने त्या मेसेजचे फोटो काढत होता.

ओब्दुलियाने कपाटांच्या भिंतीकडे पाहिलं. तिचा मोबाईल भिंतीपलीकडे, कुलपात, आणि अजून व्हॅनला जोडलेला.

संध्याकाळी सगळ्या व्हॅनमध्ये बसल्यावर तिने मोबाईल काढून ती जोडणी तोडली.

"फितुरी यादिराने नाही केली. माझ्या गाण्यांनी केली." मग तिने पाहिलेलं सगळं सांगितलं.

एल्मेर पुढेच बघत राहिला. "कंत्राटदार म्हणाला, कर्टसाठी फोटो दे नाहीतर गाडी सोड."

"मग चालव एकटाच," मागून कुणीतरी म्हणालं, आणि एकेक बाई खाली उतरली.

सगळ्या रस्त्याच्या कडेने चालू लागल्या. रोसाउराची नोकरी तर गेलीच होती. यादिराने विचारलं, "त्यांना सगळं माहीत आहे. उद्या पहिली सुरी कोण ठेवणार?"

"मी," ओब्दुलिया म्हणाली.

गुरुवारी कर्ट सकाळपासून तिच्या पाठीशीच उभा होता. साहेब आले. ओब्दुलियाने पट्टी बांधलेल्या हातातली सुरी पत्र्यावर ठेवली. खणखणाट झाला. पट्टा पळत राहिला, बाकीचे हात चालत राहिले. कर्टने तिचा दंड धरला.

तेवढ्यात शेजारी दुसरी सुरी वाजली. यादिराची.

मग तिसरी.