देवाच्या विहिरीचं पाणी मला खारट लागतं

भुतंखेतं, अंगात येणं, कौल लावणं... यातल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता, आणि हे लिहून झाल्यावरही बसणार नाही. आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून काही मंडळी मला आपल्या बाजूला ओढायला धावतील.

माझे वडील ठाण्याच्या एका छापखान्यात खिळे जुळवणारे कंपोझिटर. बिघडलेली पत्रकं ते घरी आणत. मागच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. आमच्याकडे दुधाच्या पातेल्यावर झाकलेला कागदसुद्धा 'बुवाबाजी हाणून पाडा' असं ओरडत असे.

आम्ही राहतो स्टेशनच्या पूर्वेला, कोपरीत. घरामागून थेट खाडीपर्यंत मिठागरं. अशा ठिकाणी गोड्या पाण्याची विहीर म्हणजे सोनं. आमच्या बाजूला ती एकच होती, देवळाला लागून — देवाची विहीर. खाडीच्या कडेला अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेल्या लोकांची थोडी घरं होती. त्यांना ही विहीर बंद. ते एका खड्ड्यातलं पाणी भरत, आणि भरतीला त्या खड्ड्यात खाडी शिरे. त्या पाण्यानं तिथल्या सखूबाईंचा नातू हगवण लागून गेला होता. अस्पृश्यता कायद्यानं गुन्हा ठरून दोन-चार वर्षं झाली होती. पण कायदा काही आमच्या रहाटापर्यंत पोचला नव्हता.

मी तेव्हा इंटर सायन्सला होते. रसायनशास्त्र शिकवणारे दीक्षित सर ठाण्यात आमचं अभ्यासमंडळ चालवत. विहिरीचा प्रश्न मंडळानं हाती घेतला आणि देवळाच्या अंगणात बैठक झाली. देवळाचं सगळं पाहणारे गोविंदबुवा मिठागराचे मालक. आवाज न चढवता बोलत, म्हणूनच लोक ऐकत.

"माझे आज्याच्या येलेला एकदा नेम मोडला," बुवा म्हणाले, "तं पानी खारा झाला. आज्यानं सोताचे जिभेवर चाखला. थापा नाय मारत मी."

"मग प्रयोगच करू," सर म्हणाले. "या रविवारपासून वस्तीतल्या बायका इथं पाणी भरतील. पुढच्या रविवारी तपासू. खारट झालं तर आम्ही माघार घेऊ. गोड राहिलं तर विहीर सगळ्यांची. कबूल?"

"कबूल."

आमच्या मंडळानं टाळ्या वाजवल्या. विज्ञानाचा विजय ठरलेलाच होता! सखूबाई अंगणाच्या दगडी गडग्याबाहेर उभ्या होत्या. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

रविवारी सखूबाई आणि आणखी चौघीजणींनी पाणी भरलं. आकाश कोसळलं नाही. मी तिथंच ओंजळभर प्याले — गोड.

बुधवारी सकाळी आईनं हाक मारली. "अगं, हे पाणी बघ जरा. घशाला टोचतंय."

"बुवांनी तुझ्या डोक्यात मीठ पेरलंय आई."

"माझं डोकं राहू दे. तू पी."

मी प्याले... आणि तांब्या खाली ठेवला. मिठागराच्या गावात मीठ ओळखायला शिकवावं लागत नाही. पाणी खारट होतं.

पहिला संशय अर्थातच माणसांवर. कुणीतरी पोतंभर मीठ ओतलं असणार! पण पोतंभर मिठानं एवढी विहीर खारट होईल का? आणि ओतलं असेल तर ते सापडायला हवं. मंगळवारी भरून ठेवलेलं पाणी माठात होतं, ते मला गोड लागत होतं. ते आणि बुधवारचं पाणी मी दोन बशांत घेऊन चुलीवर आटवलं. दोन्ही बशांत तळाला सारखाच पुसटसा पांढुरका थर राहिला. खारं पाणी आटवून काय उरतं ते मी लहानपणापासून पाहते आहे. हे ते नव्हतं.

मग जिभेची परीक्षा. आईला सांगितलं, "तीन भांडी भर. कुठलंही पाणी कशातही. आणि मला तुझा चेहरा दिसायला नको, ठेवून बाहेर जा." मी चाखलं, ओळखलं. पुन्हा भरायला लावलं. पुन्हा ओळखलं. आई वैतागली — "आता चाखतच बसणार आहेस की कॉलेजला जाणार?" एकदा तिनं तिन्ही भांड्यांत माठातलंच पाणी भरलं होतं, मला फसवायला. तिन्ही गोड लागली. मनाचे खेळ म्हणावं, तर मनाला आतून कळत कसं होतं कुठल्या भांड्यात काय आहे?

त्या दिवसापासून शेजारीपाजारी तीच बोंब. काहींनी स्टेशनकडून पाणी आणायला सुरुवात केली.

शनिवारी सर बाटलीतलं सिल्व्हर नायट्रेट घेऊन आले. दोन टेस्ट ट्यूब, एकीत जुनं पाणी, एकीत नवं. पाण्यात मीठ असेल तर दह्यासारखा पांढरा साका धरतो. दोन्हीत अगदी किंचित धुरकट झालं, बस.

"संपलं," सर म्हणाले. "पाणी गोड आहे."

"सर, एक घोट घेता?"

"कशाला?"

"चव बघायला."

"जीभ हे उपकरण नव्हे." त्यांनी ट्यूब पुसून ठेवल्या. "आणि उद्या तू चवीबद्दल एक अक्षर बोलायचं नाहीस. बोललीस, की त्या बायका पुन्हा खड्ड्यावर. चालेल तुला?"

नाही चालणार. पण वडिलांनी आणलेल्या त्या सगळ्या पत्रकांत एक गोष्ट ठळक टाइपात असे — जे दिसलं ते सांगा. सोयीचं तेवढंच सांगा, असं कुठंच छापलेलं नव्हतं. मी संध्याकाळी सखूबाईंकडे गेले आणि त्यांना सगळं सांगितलं.

"आमाला तर ग्वाड लागतंया," त्या म्हणाल्या. मग डोळे बारीक करून, "तुमी उद्या काय सांगनार?"

"खरं ते."

"सांगा की. मी बी हाय तिथं."

रविवारी अंगण भरलं होतं. सरांनी ट्यूब उंच धरून निकाल सांगितला. बुवांनी शांतपणे ऐकलं आणि माझ्याकडे वळले. "वामनरावांची पोर तू. खोटा नाय बोलणार. सांग गो, पानी कसा लागतं?"

सर माझ्याकडे पाहत होते. मी म्हटलं, "खारट."

मागून कुणीतरी 'जय' म्हणून ओरडलं आणि गलका उसळला. सरांनी मान फिरवली. मला माझाच आवाज ऐकू येईना, म्हणून मी अंगणातल्या पारावर चढले.

"खारट लागतं! पाण्यात मीठ नाही, हेही खरं आहे. हे दोन्ही एकदम कसं, ते मला कळत नाही. देवाचा कोप आहे असं बुवा म्हणतात, तेही त्यांना कळलेलं नाही, ते फक्त म्हणतात. पण विहीर कुणाची, हे चवीवर ठरवायचंच कशाला? उद्या ऊस पिळल्यासारखं गोड झालं, तर काय हक्क वाढेल?"

"पन अट?" बुवा म्हणाले. "तुजे मास्तरनं अट मानली ना?"

"मास्तरनं मानली." सखूबाई गडग्याच्या आत आल्या. "आमाला कुनी इचारलं व्हतं? नातू माजा मेला, आन् अट ह्यांची?" त्यांनी बुवांच्या समोरून जाऊन कळशीला दोर लावला. "खारट तर खारट. तुमाला सोसत नसंल तर त्यो खड्डा हाय की रिकामा. जावा, भरा."

कुणीतरी फसकन हसलं. रहाट कुरकुरला. बुवा पुढं झाले नाहीत, मागंही सरले नाहीत. कळशी वर आली.

तेव्हापासून वस्ती तिथंच पाणी भरते आहे. कुरबुरी झाल्या, एकदा दोरही कापला गेला; बायकांनी नवा आणला. सरांनी मला मंडळातून काढलं — 'अंधश्रद्धेला खतपाणी' या कारणासाठी. त्याच आठवड्यात बुवांच्या एका भक्तानं नारळ आणून दिला. तुझ्या तोंडून देव बोलला म्हणे. नारळ परत केला. आईनं दोन दिवस तोंड फुगवलं.

मग हळूहळू एकेकाची तक्रार थांबली. आईला दिवाळीच्या सुमारास पाणी गोड लागायला लागलं. आजूबाजूला विचारत फिरले. कुणालाच आता खारट लागत नाही.

मला लागतं. आज, हे लिहिताना तांब्या शेजारी आहे, त्यातलंही. दुसरीकडचं पाणी गोड लागतं, ठाण्याचं, कल्याणचं, टिटवाळ्याला मावशीकडचं. डॉक्टरांनी जीभ पाहिली, काही दोष नाही. परवाच नव्या भांड्यांवर पुन्हा परीक्षा केली; पुन्हा सगळी ओळखली. मीठ नाही हे मला माहीत आहे, आणि खारट आहे हेही. मी तेच पाणी पिते.

याचं उत्तर माझ्याकडे नाही. ज्यांच्याकडे असेल — देवाचं असो की विज्ञानाचं — त्यांनी जरूर कळवावं. फक्त आधी कोपरीला यावं, घोटभर पाणी प्यावं, आणि मग बोलावं.