पाटावरची जाळी आणि नळीतली ज्योत

मी आयुष्यभर याज्ञिकी केली. देवावर माझी श्रद्धा आहे; भूतखेत, चमत्कार यांवर कधीही नव्हती आणि आजही नाही. या दोन गोष्टी एकच आहेत असे समजणाऱ्यांशी वाद घालून मी थकलो, म्हणून एकदाचे लिहून टाकतो.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. माझी पुतणी सुमेधा मंचरजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवीत असे आणि ज्वलनावर पीएच.डी. करीत असे. कार्यशाळेला लागून, दक्षिणेकडच्या खोलीत तिची उभी नळी होती. खालून हवा आणि गॅस यांचे मिश्रण सोडायचे, वरच्या तोंडाशी ज्योत पेटवायची. नळीच्या मध्यावर, दोन जोडांमध्ये, भोके पाडलेली पितळी चकती बसवलेली असे. तिला तिथले सारे ‘जाळी’ म्हणत. जाळीतून जाताना हवेत भोवरे उठतात, ज्योतीला सुरकुत्या पडतात, आणि त्या सुरकुत्यांनी जळण्याचा वेग किती वाढतो ते मोजायचे — एवढे मला समजले होते.

खंडेनवमीला कार्यशाळेतल्या अवजारांच्या पूजेसाठी मला बोलावले होते. पाटावर नट आवळायचे पाने, हातोड्या, ड्रिल मांडलेले होते. त्यांत एक पितळी चकतीही होती. प्रयोगशाळेतले परिचर बबनराव — डिंगोरे गावचे, पन्नाशीचे गृहस्थ — म्हणाले, “म्याडमची जाळी हाय, गुरुजी. तिलाबी गंध लावा. वर्सभर राबती बिचारी.” मी गंध, अक्षता वाहिल्या. पूजलेल्या अवजाराला त्या दिवशी हात लावायचा नाही, हे सांगण्याची गरज नव्हती.

जेवणानंतर सुमेधाच्या खोलीत गेलो, तर ज्योत पेटलेली.

“आज सुट्टी ना गं?”

“काका, महिनाअखेर माझ्या नोंदणीची मुदत संपते. हा शेवटचा संच राहिलाय आणि सिलेंडरही शेवटचाच.”

मी खुर्चीवर बसून राहिलो. ज्योत थरथरत, फाटत, पुन्हा जुळत जळत होती. हवेचा वेग टिपणाऱ्या बारीक तारेची रेघ संगणकावर वेडीवाकडी धावत होती. पाचच्या सुमारास सुमेधा प्रसन्न मुद्रेने उठली. “इतके स्वच्छ आकडे तीन वर्षांत मिळाले नव्हते. सगळी करामत त्या जाळीची.”

तेव्हा मला पाट आठवला. गप्प बसलो असतो तर मुलीचा प्रबंध त्याच महिन्यात सादर झाला असता. हा विचार मनात आला, हे लपवीत नाही. पण म्हणालो, “सुमेधा... ती जाळी तर सकाळपासून पाटावर आहे.”

ती हसली. मग हसायची थांबली. बबनरावांना बोलावले.

“व्हय, मीच काढली. धूळ जाऊ ने म्हून नळी परत आवळून ठिवली. आज तुमी मशिन लावाल आसं कोणाला वाटलं?”

नळी उघडली. आत काही नव्हते. चकती पाटावर, गंधासकट. आणि तशी चकती एकच होती.

दसरा उलटल्यावर सुमेधाने जाळीविना ज्योत पेटवली. ती समईच्या ज्योतीसारखी निश्चल. जाळी घातली — सुरकुत्या. पुन्हा काढली — निश्चल. कंप्रेसर, पंखे, खिडक्या, सारे तपासले. उरलेला गॅस त्यातच संपला.

“देवी पावली, म्याडम,” बबनराव म्हणाले. “घ्या की आकडे. कोण बघतंय?”

“बबनभाऊ, देवीला कुठल्या रकान्यात लिहू?”

तिच्या मार्गदर्शकांनी फोनवर ठामपणे सांगितले, “जाळी आतच असणार.” सहकारी म्हणाले, “ह्यूमन एरर.” म्हणजे काय, ते कोणी सांगेना. इकडे चार लोक नारळ घेऊन त्या नळीपाशी आले आणि माझ्या मंत्रांची थोरवी मलाच सांगू लागले. मी तेच मंत्र हातोडीवरही म्हटले होते, हातोडी काही आपण होऊन ठोकू लागली नाही — हे कितीदा सांगायचे?

सुमेधाने ती निरीक्षणे वापरली नाहीत. मुदतवाढीच्या अर्जात घडले तसे लिहिले. कारकून म्हणाला, “मॅडम, आजारपण लिवा, लगेच मंजूर व्हतंय.” तिने माझ्याकडे पाहिले. मी होकारार्थी मान हलवली नाही. अर्ज परत आला, नोंदणी गेली, आणि सारे पहिल्यापासून करण्यात तिची आणखी तीन वर्षे गेली.

अर्जावर शेरा होता : ‘विलंबाचे कारण स्पष्ट करावे.’ तो लिहिणाऱ्या गृहस्थांवर मी बरीच वर्षे रागावलेलो होतो. आता नाही. त्या दुपारबद्दल माझेही त्या शेऱ्याएवढेच म्हणणे आहे, आणि अर्ज कोणाकडे करायचा ते मला कळत नाही.