दत्तूकाकांना ऐकू जाईल असा सायलेन्सर

गॅरेजमध्ये किस्से शोधावे लागत नाहीत. गाडी जॅकवर चढली की मालकाला काही काम उरत नाही, मग तो स्टूल ओढून बसतो आणि तोंड सुरू करतो. आमच्या गॅरेजचं काउंटर मी सांभाळते. फोन माझा, पार्ट मागवणं माझं, गिऱ्हाइकाला चहा पाजून थोपवून धरणंही माझंच. त्यामुळे निम्म्या बुऱ्हाणपूरच्या घरातल्या भानगडी मला गाडीच्या नंबरावरून आठवतात! सगळ्या काही सांगता येत नाहीत. पण मागच्या उन्हाळ्यात आम्ही पहिल्यांदाच एका टर्बो गाडीला कंपनीचा काढून बाहेरचा सायलेन्सर बसवला, आणि त्या एका कामाने इतके किस्से दिले की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमचे हे, म्हणजे विलास, बोलतात कमी, पाना जास्त चालवतात. वेल्डिंग रफीकभाईंकडे. त्यांचं उलटं आहे, तोंडही चालतं आणि हातही. आणि धंदा सायलेन्सरचा! नावातच "चूप बस" आहे, पण येणारा प्रत्येक जण आवाज वाढवायलाच येतो.

फोपनारचा एक केळीवाला ट्रॅक्टर घेऊन आला होता. म्हणाला, "भाभी, असा आवाज पाहिजे की मी मळ्यातून निघालो की घरी भाकर तव्यावर पडली पाहिजे."

ह्यांनी तसा बसवून दिला. आठवड्याभरात त्याची बायको गॅरेजवर हजर! "दादा, पहिल्यासारखा करून द्या. हे मळ्यातून निघाले की सासूबाई मला हाका मारायला लागतात, आणि हे रस्त्यात गप्पा हाणत तासाभराने उगवतात!"

*

योगेश आला तेव्हा मला वाटलं, हाही त्यातलाच. मोबाइलचं दुकान, नवी कोरी टर्बो पेट्रोल गाडी, डोळ्यावर गॉगल. मी विचारलं, "काय, रेसिंग का?"

"नाही भाभी. माझ्या बाबांना ऐकू आलं पाहिजे."

त्याचे बाबा म्हणजे दत्तूकाका. सारा जन्म पॉवरलूमवर गेला, आणि लूमने जाता जाता कान नेले. डॉक्टरांनी कानाचं मशीन दिलं, पण काका ते डबीतच ठेवतात. म्हणतात, "ते लावलं की गल्लीतल्या साऱ्या बायका एकदम बोलतात!"

आता त्यांची गल्ली एवढी अरुंद की गाडी शिरली की माणसाने ओट्यावर चढायचं. एका संध्याकाळी काका पिशवी घेऊन मधोमध चाललेले आणि मागे योगेशची गाडी. याने हॉर्न दिला. काका चाललेत आपले. परत हॉर्न. गल्लीतली पोरं, बायका, कुत्री सगळी वळून बघतायत, काका सोडून! शेवटी नवी कोरी टर्बो गाडी काकांच्या मागे मागे चालत घरापर्यंत आली. दारात काका वळले आणि खूश होऊन म्हणाले, "अरे, आज लवकर आला तू!"

आम्ही हसलो. योगेशने गॉगल काढला.

"हसायचंच आहे भाभी. पण परवा वळणावर ते एकदम समोर आले. मी ब्रेक मारला, बोनेट त्यांच्या धोतराला लागलं. त्यांना काही समजलंच नाही. गाडी इतकी चूप आहे की एक दिवस माझ्याच हातून..."

मी चहा सांगितला.

डॉक्टर म्हणाले होते, पातळ आवाज त्यांचे गेले, म्हणून हॉर्न ऐकू जात नाही. जाड आवाज थोडे शिल्लक असतील. योगेशचं मागणं एवढंच होतं, गाडीला जाड आवाज द्या. ह्यांनी एकच अट घातली, "कायद्याच्या बाहेर जाणार नाही. आवाज जाड करीन, मोठा नाही करणार."

*

मी इंदूरच्या पार्टवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "मैडम, कैट-बैक दूँ कि पूरा सिस्टम?"

मी फोनवर हात ठेवून ओरडले, "अहो, कॅट-बॅक काय असतं?"

गाडीखालून आवाज आला, "इंजिनाजवळ धूर साफ करणारा डबा असतो, तो कॅट. त्याला हात लावायचा नाही. त्याच्या मागचं सगळं ते कॅट-बॅक."

रफीकभाई पुटपुटले, "कैट यानी मांजर..."

"बॅक म्हणजे पाठ..." मी म्हणाले.

आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि दोघंही किंचाळलो, "मांजरपाट!"

आता मांजरपाट म्हणजे जाडंभरडं कोरं कापड, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. गावच कापडाचं! त्या दिवसापासून आमच्या गॅरेजमध्ये त्या पार्टाचं नाव मांजरपाट पडलं. इंदूरवाल्यालाही मी सवय लावली. तो आता फोनवर विचारतो, "मैडम, मांजरपाट पहुँचा क्या?"

*

ही थट्टा आमच्याच अंगाशी आली. योगेशने घरी उत्साहाने ओरडून सांगितलं, "बाबा, गाडीला मांजरपाट लावू राहिलो!" बाकी काही नाही, पण मांजरपाट हा शब्द काकांनी ओठांवरून बरोबर ओळखला. आयुष्यभर तेच विणलेलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी काका खांद्यावर कापडाचा अख्खा तागा घेऊन गॅरेजच्या दारात!

"घे सूनबाई. चांगलं जाड आहे. बाजारातलं घेऊ नका, आमचं पोरगं भोळं आहे, कोणीबी फसवतं."

मी ओरडून सांगितलं, "काका, कापड नको! सायलेन्सर आहे, सायलेन्सर!"

"हो, हो!" काका तेवढ्याच जोरात ओरडले, "कॅलेंडरवरूनच काढून आणलंय! एक सुरकुती दाखव!"

कॅलेंडर म्हणजे कारखान्यात कापडाला इस्त्री करायचं ते मोठं मशीन. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे गाडीखालून अर्धे बाहेर आले, काकांना नमस्कार केला आणि मला म्हणाले, "ठेवून घे. नाही म्हणायचं नाही." काकांनी स्वतः तागा उलगडून हाताने मापला, सीटला किती लागेल ते सांगितलं आणि उरलेल्याचे उशांचे अभ्रे करा म्हणाले. ते गेल्यावर रफीकभाई बराच वेळ हेल्मेट घालूनच बसले होते, वेल्डिंग काही चालू नव्हतं.

*

पार्ट आला त्या दिवशी मी स्वयंपाकसुद्धा सकाळीच उरकून टाकला. काय तो पाइप! आरशासारखा लखलखीत, मनगटापेक्षा जाड! जुना पाइप काढून शेजारी ठेवला तर तो लाजल्यासारखा दिसत होता. हे खाली, रफीकभाई बाजूला, मी टॉर्च धरून. पाइप टांगायचे रबरी हँगर चढेनात, मधला जोड बसेना, ह्यांच्या नाकावर गंज पडला, पण एकाच्याही कपाळाला आठी नाही. पहिली टर्बो होती ना!

रफीकभाईंनी विचारलं, "विलासभाई, ये गाड़ी चूप क्यूँ रहती है?"

हे म्हणाले, "इंजिनाचा धूर आधी टर्बोचा पंखा फिरवतो, मग पाइपात येतो. त्या पंख्यात आवाज अर्धा मरतो."

"मतलब टर्बो आवाज़ खाता है?"

"खातो."

"तो डकार भी देता होगा!"

सगळं कसून झालं. योगेशने स्टार्टर मारला, ॲक्सिलेटर दाबला आणि पाय उचलला. बोनेटमधून आवाज आला, "फुस्स्स!"

रफीकभाईंनी दोन्ही हात वर केले. "लो! जेवण झालं!"

*

पण खरा आवाज कसा आहे ते कोणालाच कळेना! आमच्या मागे लूम, पुढे लूम, काकांच्या गल्लीत तर दारोदार लूम. दिवसभर खटखट खटखट. त्यात सायलेन्सर जाड वाजतोय का पातळ, कसं कळणार? लाइट जाऊन लूम थांबल्याशिवाय ट्रायल होणं शक्य नव्हतं.

आणि एरवी रोज हक्काने जाणारी लाइट त्या आठवड्यात घरजावयासारखी ठाण मांडून बसली! माझा चुलतभाऊ राजू लाइनमन आहे. मी त्याला फोन लावला.

"राजू, आज लाइट कधी जाईल रे?"

"ताई, शिव्या दे, पण टोमणे नको मारू."

"टोमणे नाही रे! आम्हाला ती खरंच जायला पाहिजे आहे. सगळे वाट बघू राहिलेत!"

तो हळूच म्हणाला, "ताई, दाजी बरे आहेत ना?"

*

मग योगेश म्हणाला, तोवर तापीपलीकडे जैनाबादच्या रस्त्याला ट्रायल घेऊ. मीही बसले, मी का सोडते! पूल ओलांडून मोकळा रस्ता लागला आणि त्याने पाय दाबला. अगं आई गं! पाठ सीटला चिकटली! आधीपेक्षा गाडी लवकर उठत होती, मागून दाट घुमारा येत होता, आणि मी या वयात खिडकीतून "हुर्रे" ओरडले, खोटं कशाला सांगू.

पुढे हवालदार उभा. हात दाखवला. माझी हुर्रे तिथेच गिळली गेली.

"साइलेंसर बदला है?"

"हो साहेब," योगेश खरंच बोलला. "पण लिमिटमध्ये आहे."

हवालदाराने गाडी चालू ठेवायला लावली आणि वाकून पाइपाला कान लावला. नेमका तेव्हाच केळीने भरलेला ट्रॅक्टर भडभडत गेला आणि सायलेन्सर त्यात बुडून गेला. ट्रॅक्टर मी ओळखला. आमचंच काम!

हवालदार उठून गुडघे झटकत म्हणाला, "जाओ यार. इससे ज़्यादा तो मेरे घर का कूलर बोलता है."

सुटलो म्हणून मी हसत होते. योगेश मात्र पुलावर आल्यावर म्हणाला, "भाभी, ह्याला ऐकू येत नाही, तर बाबांना कसं जाईल?"

*

शेवटी एका दुपारी लाइट गेली. आम्ही सगळे गॅरेज उघडं टाकून काकांच्या गल्लीत पळालो. लूम थांबलेले, गल्ली एकदम मुकी. काका ओट्यावर, गल्लीकडे पाठ करून, लसूण सोलत बसले होते. योगेशने टोकापासून गाडी आणली. समोरची आजी कौतुकाने बाहेर आली, कोंबड्या पांगल्या, पोरं टाळ्या पिटायला लागली.

काका लसूण सोलत राहिले.

गाडी अगदी त्यांच्या मागे येऊन थांबली. योगेश उतरला, काही न बोलता बाबांशेजारी बसला आणि त्यांच्यासोबत लसूण सोलायला लागला. काकांनी आनंदाने अर्धा ढीग त्याच्याकडे सरकवला. मला रडूच आलं. एवढा लखलखीत पाइप, एवढी धावपळ, आणि पोराला बापापर्यंत पोचता येईना!

हे मात्र गाडीमागे उकिडवे बसले होते. म्हणाले, "आवाज अजून पातळ आहे."

मग दोन दिवस रफीकभाई आणि हे मागच्या डब्याशीच झुंजत होते. आतली जाळी बदलली, डबा लांब केला, मधे पाइपाला एक पोट काढलं. आवाज वाढला नाही, पण खाली उतरला, पार पोटात गेला. योगेशची बायको एक चक्कर मारून आली आणि म्हणाली, "भाभी, कानाला काही त्रास नाही. फक्त मंगळसूत्र आपोआप वाजू राहिलं!"

*

लाइट परत गेली ती शनिवारी संध्याकाळी. आम्ही पोचलो तर काका ओट्यावर नाहीत. भाजीची पिशवी घेऊन गल्लीच्या मधोमध घराकडे चाललेले, नेहमीसारखे, पाठमोरे. दोन्ही बाजूंचे कारखाने बंद, कामगार दारात बिडी ओढत लाइटची वाट बघत बसलेले.

योगेशची गाडी गल्लीत शिरली. हॉर्न नाही, काही नाही. पहिल्या गिअरमध्ये, हळू, तो जाड घुमारा करत. मी ह्यांचा हात कधी धरला मला कळलं नाही. रफीकभाई तोंडातल्या तोंडात दुआ म्हणत होते. गाडी आणि काका यांच्यातलं अंतर कमी होत होतं, आणि काका चाललेच होते.

मग काका थांबले.

थांबले, मान तिरकी केली आणि बाजूला सरकले. अगदी भिंतीला चिकटून उभे राहिले आणि बंद कारखान्याच्या भिंतीवर तळहात टेकवला. चेहरा असा उजळला की मी तसा कधी पाहिला नव्हता. दारातल्या कामगारांना ओरडून म्हणाले, "अरे, बसले काय? उठा! लाइट आली ना!"

योगेशने गाडी जागेवरच बंद केली आणि दार उघडं टाकून पळत आला. बाबांचे दोन्ही खांदे धरले. "बाबा! ऐकू आलं? तुम्हाला ऐकू आलं?"

काकांनी कपाळावर हात मारला.

"घ्या! गेली परत!"