सातवी मॅच आणि सबनीसांच्या मिशा

"स्कोअररला टीम नसते, त्याला फक्त पेन असतं," असं पुरुषोत्तम सबनीस एकदा म्हणाले होते. तेव्हा ते खरंही होतं.

पुण्यात टेलिफोन खात्यात नोकरी आणि रविवारी एका क्लबच्या मॅचेसचं स्कोअरिंग, अशी त्यांनी एकतीस वर्षं काढली. शाईचं पेन, खोडाखोड नाही. त्याआधी ते खेळतही असत. पण एकोणिसाव्या वर्षी चेंडू तोंडावर बसला, वरच्या ओठाला चार टाके पडले. सबनीसांनी बॅट ठेवली आणि मिशा राखल्या. त्या मिशांखाली काय आहे ते त्यानंतर कुणीच पाहिलं नाही. लग्नाला शेहेचाळीस वर्षं झालेल्या लताबाईंनीही नाही.

फेब्रुवारी २०२०मध्ये ते आयर्लंडमधल्या ल्यूकनला मुलीकडे, मुक्ताकडे आले. तीन महिन्यांसाठी, एकटेच. लताबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं. मार्चमध्ये विमानं बंद झाली. सत्तरीपुढच्यांनी घरातच राहावं, असं सरकारनं सांगितलं. सबनीस एकाहत्तर. मुक्ता दिवसभर वरच्या खोलीत लॅपटॉपशी बोलायची. खाली सबनीस मागच्या लाकडी कुंपणाकडे बघत बसायचे. कुंपणही त्यांच्याकडे बघत असावं.

मे महिन्यात त्या कुंपणावरून एक पांढरी दाढी उगवली.

दाढीचं नाव फिनबार टूमी, वय चौऱ्याहत्तर. बावीस वर्षं बॉस्टनमध्ये बसेस दुरुस्त करून परत आलेला. येताना त्यानं तिथून एकच वस्तू आणली होती: एक पुठ्ठ्याचं खोकं. त्यात बेसबॉलच्या वेगवेगळ्या वर्षांच्या गाजलेल्या टीम होत्या. प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड. तीन फासे टाकायचे, आलेला आकडा कार्डावर शोधायचा. तिथे फटका लिहिलेला असतो किंवा बाद. त्यामुळे कधीच समोरासमोर न आलेल्या टीम आरामात भिडतात. मेलेले आणि म्हातारे, सगळे त्या खोक्यात तरुण.

"कुठली घेणार?" फिनबारनं विचारलं.

"एकोणीसशे सत्तावीसची न्यूयॉर्क. माझ्याहून म्हातारी आहे, माझं ऐकेल."

फिनबारनं पंचाहत्तरची सिनसिनाटी घेतली. न्यूयॉर्कची टीम सॅनिटायझरनं पुसून, प्लास्टिकच्या पिशवीतून कुंपणावरून इकडे आली. सात मॅचेस, आधी चार जिंकेल त्याची सिरीज. फासे आपापल्या अंगणात टाकायचे. सबनीस परातीत, फिनबार बिस्किटांच्या डब्याच्या झाकणात. पलीकडे काय पडलं ते दिसत नाही. सांगितलेला आकडा मानायचा.

"हरणाऱ्याचं काय?" दुसऱ्या मॅचनंतर फिनबार म्हणाला. "मी हरलो तर ही दाढी जाईल."

तोवर दोघांनी एकेक मॅच जिंकली होती. सबनीसांना त्या दिवशी काय झालं कोण जाणे, ते म्हणाले, "मग इकडे मिशा."

मुक्तानं ऐकलं आणि जिन्यातच बसली. "बाबा! पासपोर्टवर मिशा आहेत तुमच्या! ऑगस्टच्या फ्लाइटला कोण बसू देईल तुम्हाला?"

पुण्यात लताबाईंनी फोनवर वेगळीच बाजू घेतली. "मी सिनसिनाटीकडून," त्या म्हणाल्या. "बघू तर द्या एकदा नवरा."

तीन-तीन झाले. जुलैतल्या एका शनिवारी सातवी मॅच. परात खणखणत होती. बेसबॉलमध्ये नऊ डाव, आणि पिचर म्हणजे इथला बॉलर. सबनीसांच्या मुख्य पिचरनं सहा डावांत सिनसिनाटीला नुसतं नाचवलं. चार-दोन. सबनीस खुर्चीवरून उठून बसत होते, बसून उठत होते. शेजारच्या मांजरालाही त्यांनी स्कोअर सांगितला.

"जिंकताय वाटतं!" टेबलावरच्या फोनमधून लताबाई ओरडल्या. "अहो, लाज वाटू द्या जरा!"

सातव्या डावाआधी सबनीसांनी मुख्य पिचरचं कार्ड बाजूला ठेवलं आणि दुसऱ्याला आणलं. जगातल्या कुठल्याही मैदानावर त्यांनी हेच केलं असतं. उत्तम बॉलर दमवायचा नाही. दोन डाव आराम, मग शेवटी दुसरा स्पेल. दुसऱ्यानं एक धाव दिली. चार-तीन. शेवटचा अर्धा डाव, सिनसिनाटीची बॅटिंग. सबनीसांनी मिशांवरून हात फिरवला आणि कार्ड परत मधे ठेवलं.

"आला माझा राजा."

कुंपणावर दाढी वर आली.

"पुरू," फिनबार म्हणाला, "युअर मॅनला परत येता येत नाही."

"का? आराम झाला त्याचा."

"एकदा बाहेर गेला की गेला. घरी जाऊन जेवला असेल तो आता."

नियमांची पुस्तिका पिशवीतून आली. मुक्तानं वाचली, दोनदा. तसंच लिहिलं होतं. आधीच्या सहा मॅचेसमध्ये सबनीसांनी काढलेला पिचर कधी परत बोलावलाच नव्हता.

दुसराच पिचर पुढे खेळला. फिनबारच्या झाकणात फासे पडले. मग पुन्हा. सिनसिनाटीचे दोघे धावेच्या वाटेवर पोचले. मग पुन्हा फासे पडले, आणि या वेळी तो आकडा सांगेना.

"सांग ना रे," सबनीस म्हणाले.

"तेरा," फिनबार हळूच म्हणाला.

कार्डावर तेरासमोर फटका होता. दोन धावा. पाच-चार, मॅच संपली. फोनमधून लताबाईंनी शिट्टी वाजवली. त्यांना शिट्टी येते हे मुक्ताला तेव्हा कळलं.

"हे बघ, चूक माझी," फिनबार म्हणाला. "मी नियम सांगितलाच नाही. सातव्या डावापासून परत खेळू. तुझा राजा आत ठेव. ग्रँड? चालेल?"

"बाबा, हो म्हणा!" मुक्ता म्हणाली. "मॅच तुमचीच आहे."

सबनीसांनी वहीकडे पाहिलं. चार-दोन होते तेव्हा पिचर बदलल्याची नोंद त्यांच्याच अक्षरात होती. बोटं मिशांपाशी गेली, तिथेच थांबली. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि खाली लिहिलं: सिनसिनाटी, पाच. न्यूयॉर्क, चार.

"अहो," लताबाई एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "मी गंमत करत होते. राहू द्या."

सबनीस आत गेले, जिना चढून वर. नळ वाहिला, थांबला, पुन्हा वाहिला. फिनबार स्टुलावर चढून उभा होता, दाढी कुंपणावर टेकवून. मुक्तानं फोन दोन्ही हातांत धरला होता, दाराच्या दिशेनं.

सबनीस खाली उतरले, अंगणात आले. वरच्या ओठावर एक बारीक, वाकडी, पांढरी रेघ होती, आणि तिच्यामुळे त्यांचा चेहरा सतत हसू आवरणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलासारखा दिसत होता.

फोनमधून लताबाई म्हणाल्या, "अय्या."

सबनीसांचा तो ओठ एका बाजूनं वर सरकला. त्यांनी टेबलावरची परात काखेत मारली, फासे खिशात टाकले आणि पुढच्या सिरीजसाठी कुंपणाकडे निघाले.